सहावा दगड

येळवसेला निलंग्यात कुत्रंसुद्धा थांबत नाही.
ज्यांना शेत आहे ते शेतात,
ज्यांना नाही ते कुणाच्या तरी शेतात.
आम्ही दुसऱ्यातले.
दरवर्षी आदल्या रात्रीपर्यंत कान दाराकडं.
कुणीतरी ब्लाऊज न्यायला येतं, उंबऱ्यातूनच म्हणतं,
"उद्या या बरं का, लेकरं घेऊन."

यंदा बोलावणं छापील आलं,
गुळगुळीत कागदावर, मतदार यादीतल्या नावानं.
यादीत मी प्रगायबाई आहे.
तशीच गेले.

उमाकांत हालकुडे, अपक्ष,
निशाणी शिलाई मशीन.
टेम्पोत मुमताजबी म्हणाली,
"तुझीच निशाणी गं, तुला ड्रायव्हरजवळ बसवायला पायजे."
सगळ्या हसल्या, मीही हसले.
पायाखाली कडबा, अंगात थंडी,
आणि मांडीला मांडी लावून बसलेला भोंगा.

कोपी मात्र झकास केली होती.
कडब्याच्या पेंढ्या, वर नवी शाल,
किमतीची चिठ्ठी अजून लोंबत असलेली.
आत पांडव मांडलेले, चुन्यानं पांढरे, वर कावेची बोटं.
मी मोजले. सहा.
पुन्हा मोजले.
"रात्री अंधारात रंगवलेत पोरांनी," कुणी पुटपुटलं.
"सहावा अपक्ष असंल!"
हसू मागून पुढं सरकत गेलं,
उमाकांतरावांपर्यंत पोचलं
आणि तिथं थांबलं.

एक पोरगं दगड उचलायला वाकलं
तर निलव्वानं, त्यांच्या आईनं, त्याचं मनगट धरलं.
"रंगलाय नव्हं आता? बसू दे."
सहाव्यालाही तेवढंच कुंकू लावलं तिनं.
मग आंबिलीची बिंदगी लेकाच्या हातात दिली,
"चल, शिंपड."

बारा वर्षं पुण्याला होते उमाकांतराव.
सवयीनं माईक घेतला.
"ओलगे ओलगे..."
आणि पुढचं आठवेना.
भोंग्यानं ते अडखळणंही
हरभऱ्याच्या पार, करडईच्या पार नेलं,
तेरणेच्या काठापर्यंत नेलं.
ज्वारीतून एक नागडं पोर ओरडलं,
"सालम पलगे!"
मग सगळं शिवार ओरडलं.
त्याचा अर्थ आमच्यात कुणालाच ठाऊक नाही.
त्यामुळंच बहुतेक कुणी विसरत नाही.

भज्जी लातूरच्या केटररची.
भज्जीत काजू!
मुमताजबीनं एक काजू काढून
ताटाच्या कडेला ठेवला,
पुराव्यासारखा.
आंबील घरची होती, लसणाची, जिभेला चावणारी.
निलव्वा स्वतः वाढत होती,
कुणी कुठल्या वॉर्डातलं ते न विचारता.

जेवणं अर्ध्यावर असताना मला स्टेजवर ओढलं.
"ही बघा आपली निशाणी, जित्तीजागती!"
टाळ्या.
माझ्या अंगठ्याला सुईचे काळे ठिपके,
हाताला अजून भज्जीचा वास.
मनात सगळं रांगेनं उभं राहिलं,
आठव्या दिवशी येणारं नळाचं पाणी,
आमच्या गल्लीतली गटार, खांबावरचा फुटका दिवा.
तोंडातून निघालं,
"आंबील चांगली झालीय."
याला सगळ्यात जास्त टाळ्या.

दिवस बुडताना हेंडगा पेटवला.
गव्हाच्या कडेनं पोरं तो घेऊन धावली,
मागून उमाकांतराव, बूट हातात घेऊन,
माईकशिवाय.
तेवढ्यापुरते ते ओळखीचे वाटले.

टेम्पोपाशी निलव्वानं डबा दिला, विनास्टिकरचा.
"कुणाची वं तू?"
"कुणाची न्हाई. शिवणकाम करते. प्रयाग."
"प्रयाग," ती म्हणाली, जपून,
जणू ते नाव परत द्यायचं होतं.

पिशवीत प्रत्येकीला भेट होती.
मला मापाची टेप,
दर दहा इंचांना उमाकांतरावांचा हसरा फोटो.
सकाळी माझ्या जुन्या टेपला लावून बघितली.
अर्धा इंच खोटी.

मतदान बावीस तारखेला आहे.
डबा दोनदा घासला,
तरी झाकणाला अजून आंबिलीचा वास येतो.